वर्षाला बारा दिवाळ्या

आमच्या कारखान्यात पगाराचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मला तिथं पगारपत्रक करायला लागून अकरा वर्षं झाली होती. कारखाना म्हणजे ईट गावाच्या बाहेर रस्त्याला लागून असलेली पत्र्याची लांब शेड. आत दहा भट्ट्या, मागं दुधाचे कॅन धुवायचा हौद आणि पुढच्या बाजूला काचेची एक लहान खोली. त्या खोलीत मी बसते. दूध आटवून खवा करायचा आणि तो बांधून पुण्याला, हैदराबादला पाठवायचा, एवढाच आमचा धंदा. कायम पगारावर आम्ही तेवीस माणसं, त्यातल्या निम्म्याहून जास्त भट्टीवरच्या बायका.

माझं माहेर तुळजापूरचं. वडील कचेरीत कारकून होते आणि पगारपत्रक मी त्यांच्याच शेजारी बसून शिकले. आधी हजेरी, मग जादा तास, मग कपाती, आणि शेवटी आडवी-उभी बेरीज जुळली की सही. लग्न होऊन भूमला आले, इथं नोकरी लागली, तेव्हापासून दर महिन्याला तसंच करत आले. आधी लांब रजिस्टरवर, नंतर कॉम्प्युटरवर. बेरीज पहिल्या झटक्यात जुळली की मी उठून बाहेर जाऊन एक कप चहा घ्यायची. ती माझी महिन्यातली चैन होती.

एका सकाळी मालक खोलीत आले आणि म्हणाले, "ताई, तुमचं ओझं कमी केलं." पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं होतं. हजेरी भरली की पगार, फंड, इन्कम टॅक्स, सगळं आपोआप निघणार. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. त्यानं इतक्या भरभर सगळं दाखवलं की मी नुसती मान हलवत राहिले. जाताना म्हणाला, "मॅडम, आता तुम्हाला हिशोब करायची गरजच नाही." तो चांगल्या मनानं बोलला असेल. पण त्या दिवशी स्कुटीवरून घरी जाताना मला वाटत राहिलं की आपल्या हातातलं काहीतरी कुणी अलगद काढून घेतलं. पन्नाशीला आलेल्या बाईला नवं काम कोण देणार, हाही विचार मनात येऊन गेला.

दोन महिने सॉफ्टवेअर नीट चाललं. मग दिवाळी आली.

दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे आमच्याकडं धांदलीचा. खव्याला एवढी मागणी असते की भट्ट्या थंड व्हायला सवड मिळत नाही. जादा तास होतात, त्याचे पैसे मिळतात आणि वर एका पगाराएवढा बोनस. मालकांची पद्धत अशी की दिवाळीच्या दोन दिवस आधी हे सगळं एकदम हातात द्यायचं. त्या वर्षी दिवाळीच्या पगाराच्या चिठ्ठ्या पहिल्यांदाच सॉफ्टवेअरमधून छापून वाटल्या. मी एकेकाला चिठ्ठी देत होते आणि प्रत्येक जण ती वाचून एकाच ओळीवर अडकत होता. तिथं लिहिलं होतं: आयकर.

कुणाचे सातशे, कुणाचे बाराशे कापले होते. टेम्पोच्या ड्रायव्हरचे तर दोन हजारांच्या वर. तो मला म्हणाला की सरकारला आमची आठवण नेमकी दिवाळीतच आली का. पॅकिंगमधल्या पोरी हिरमुसल्या. मी सगळ्यांना सांगितलं की नव्या पद्धतीत असंच निघालंय. माझे स्वतःचे चौदाशे गेले होते आणि मीही मनातल्या मनात म्हटलं, एवढं मोठं यंत्र, त्याला नियम ठाऊक असणार.

एकच बाई खूश होती. ती आमची भट्टीवरची मावशी. मावशी ही सगळ्यात जुनी बाई. खवा कधी उतरवायचा हे ती वासावरून सांगते आणि तिच्या शब्दापुढं मालकही जात नाहीत. तिनं चिठ्ठी माझ्यापुढं धरली आणि ती ओळ बोटानं दाखवून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, इन्कम टॅक्स, सातशे दोन रुपये कापलेत. तिनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे म्या आता टॅक्स भरायले व्हय?"

मी व्हय म्हटलं. तिनं चिठ्ठीची चार पदरी घडी घातली आणि ती पिशवीत न टाकता पदराच्या आत खोचली.

त्या रात्री मी बँकेत पाठवायची यादी शेवटची तपासत होते. तपासायची गरज नव्हती, सॉफ्टवेअरनंच ती केली होती. पण सवय जात नाही. तेव्हा मला दिसलं की ड्रायव्हरचा टॅक्स आमच्या सुपरवायझरपेक्षा जास्त आहे. सुपरवायझरचा पगार ड्रायव्हरपेक्षा मोठा. फक्त त्या एका महिन्यात ड्रायव्हरनं हैदराबादच्या इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की जादा तासांमुळं त्याची रक्कम वर गेली होती. मला वडिलांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं: टॅक्स वर्षावर असतो, महिन्यावर नाही. वर्षभराचं बघितलं तर ड्रायव्हर सुपरवायझरच्या पुढं जातच नव्हता. मग त्याचा टॅक्स जास्त कसा? पण यादी सकाळी बँकेत जायलाच हवी होती, ती मी तशीच पाठवली.

पाडव्याच्या दुपारी घरात सगळे जेवून झोपले होते. मी एका दुकानाचं दिवाळीचं शुभेच्छापत्र घेतलं, त्याची मागची बाजू कोरी होती. ड्रायव्हरची त्या महिन्याची सगळी रक्कम मांडली, पगार, बोनस, जादा तास धरून, आणि सहज बारानं गुणली. त्यावर टॅक्स काढला, मार्चपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांत वाटला. आकडा तंतोतंत आला, रुपयालाही फरक नाही. मग मावशीचं केलं, तेही आलं. माझंही आलं. सॉफ्टवेअरनं काय केलं होतं ते समजलं. दिवाळीच्या महिन्यात जे हातात आलं तेच प्रत्येक महिन्याला येणार असं त्यानं धरलं होतं. शिवाय आमच्याएवढ्या उत्पन्नाला सरकार जी पूर्ण सूट देतं, ती द्यायलाही ते विसरलं होतं. खरं बघायला गेलं तर आम्हा तेवीस जणांपैकी एकालाही एक रुपया टॅक्स लागत नव्हता.

मी त्या कार्डाकडं बघत बसले आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. लोकांचे पैसे चुकून कापले गेलेत हे कळल्यावर खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण बेरीज जुळल्याचा जो आनंद मला दोन महिने मिळाला नव्हता तो एकदम मिळाला. मी उठले आणि अवेळी चहा ठेवला. नवऱ्यानं झोपेतून उठून विचारलं की काय झालं. मी म्हटलं, काही नाही, जुळलं.

भाऊबीज झाली आणि ऑफिस उघडलं. पहिल्यांदा मावशीच माझ्या खोलीत आली, करंज्यांचा डबा घेऊन. ती खुर्चीवर कधी बसत नाही, त्या दिवशी बसली. आणि तिनं दिवाळीत काय घडलं ते सगळं सांगितलं.

तिच्या नवऱ्याची गावाजवळ तीन एकर सोयाबीनची जमीन. त्यानं पारावर जाऊन सांगितलं होतं की आमची मंडळी इन्कम टॅक्स भरायली. शेतीला टॅक्स नसतो, त्यामुळं अख्ख्या आळीत टॅक्स भरणारं एकही घर नव्हतं. दोघा-तिघांनी घरी येऊन चिठ्ठी बघितली. भाऊबीजेला ती भावाकडं परंड्याला गेली. भाऊ शाळेत मास्तर. दर भाऊबीजेला जेवताना तो सांगायचा की माझा एवढा टॅक्स कापला, तेवढा कापला, आणि बाकी सगळे गप्प ऐकायचे. यंदा त्यानं सुरुवात केली तेव्हा मावशी भाजी वाढता वाढता म्हणाली होती, "आमचाबी कापला की." भावाच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यानं चिठ्ठी मागितली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाला की आक्का, तू टॅक्समध्ये बसतच नाहीस, काहीतरी चुकलंय. मावशीला त्याचा राग आला होता. तिनं त्याला सांगितलं की आमच्या म्याडम चुकत न्हायत.

हे सांगून तिनं माझ्याकडं बघितलं.

 खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. शेवटी मी ते कार्ड काढलं आणि तिला सांगितलं. मावशी, तुमचा भाऊ बरोबर बोलला. यंत्र चुकलं आणि ते तपासायचं सोडून मी तुम्हाला व्हय म्हटलं, म्हणजे मीही चुकले. तुमचे सातशे दोन रुपये तुम्हाला परत मिळतील.

 मावशीनं करंज्यांच्या डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग विचारलं, "खरा टॅक्स लागायला किती पगार पायजे?"

मी आकडा सांगितला. तेव्हाच्या नियमानं महिन्याला साठ हजारांच्या वर. ती मोठ्यांदा हसली. इतकी की भट्टीवरच्या दोघी-तिघी काचेतून आत बघायला लागल्या. हसून झाल्यावर म्हणाली की पैसे घेते, पण ती चिठ्ठी मी परत देणार न्हाय. मी म्हटलं, ठेवा, तुमचीच आहे.

मालकांना समजावणं जास्त अवघड गेलं. त्यांनी सॉफ्टवेअरला पैसे मोजले होते आणि टॅक्स म्हटलं की ते घाबरतात. कापलेली रक्कम सात तारखेच्या आत सरकारात भरायची होती आणि ती भरून मोकळं व्हावं असं त्यांचं म्हणणं पडलं. यंत्र चुकत नसतं ताई, आपलं काहीतरी भरायचं राहिलं असेल, असं ते म्हणाले. मी वाद घातला नाही. ड्रायव्हरचं वर्षभराचं उत्पन्न त्यांच्यापुढं ठेवलं आणि यंत्रानं धरलेलं उत्पन्न त्याच्या शेजारी लिहिलं. मालकांनी दोन्ही आकडे दोनदा वाचले. खव्याच्या धंद्यात मुरलेला माणूस तो, महिन्यांचा हिशोब त्यांना शिकवायला लागत नाही.

"म्हंजे ह्यानं वर्षात बारा दिवाळ्या धरल्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, व्हय.

"असं असतं तर म्या कवाच पुण्यात बंगला बांधला असता. लावा फोन त्यांना."

फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती, आवाजावरून तिशीच्या आतली. ती अगदी नम्रपणे म्हणाली की मॅडम, आमची सिस्टीम आपोआप हिशोब करते, त्यात चूक होत नाही, तुमच्याकडून माहिती भरताना काहीतरी राहिलं असेल. मी माहिती वाचून दाखवली. तिनं ती तपासली, बरोबर होती. तरी ती तेच म्हणाली. मग मी तिला माझ्या वडिलांनी मला सांगितलं तसं सावकाश सांगितलं. बोनस वर्षातून एकदा येतो. तुमच्या सॉफ्टवेअरनं तो बारा वेळा धरलाय. तिनं मला थांबायला सांगितलं. फोनमध्ये एक धून वाजत राहिली. मालक समोर बसून टेबलावर बोटं वाजवत होते.

ती परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. तिनं हळू आवाजात विचारलं, "मॅडम, दिवाळीच्या महिन्याला बारानं गुणायचं आणि मग टॅक्स काढायचा, असंच ना?"

मी हो म्हटलं.  कॅल्क्युलेटरची बटणं दाबल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मॅडम, माझेही कापलेत."

तिच्या कंपनीतल्या लोकांचे पगारही त्याच सॉफ्टवेअरवर होत होते. तिनं आपली चिठ्ठी उघडून माझ्या पद्धतीनं गुणून बघितली होती आणि आकडा जुळला होता. तिला वाटलं होतं की पहिल्यांदा बोनस मिळाला म्हणून टॅक्स लागला असेल. मी तिला सांगितलं की मलाही आधी तो टॅक्स बरोबरच वाटला होता. मग आम्ही दोघी फोनवर हसायला लागलो. मालकांना काही कळेना, ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. मी फोनवर हात ठेवून त्यांना सांगितलं, तेव्हा तेही हसले आणि म्हणाले की पोरीला सांगा, तुझेबी परत मिळतील.

त्यानंतर सगळं पटापट झालं. मुलीनं आपल्या साहेबांना स्वतःची चिठ्ठी दाखवली. आमची तक्रार त्यांनी किती मनावर घेतली असती कोण जाणे, पण घरातलंच प्रकरण निघाल्यावर दोन दिवसांत दुरुस्ती आली. पाच तारखेला मी नवीन चिठ्ठ्या काढल्या. आयकराच्या ओळीत सगळ्यांना शून्य होतं. सरकारात काही भरलेलं नव्हतं, त्यामुळं पैसे सरळ खात्यात परत गेले. मुलीचा नंतर एकदा फोन आला. तिच्या ऑफिसात सगळ्यांचे पैसे मिळाले म्हणून सांगितलं आणि दोन किलो खवा कसा मागवायचा ते विचारलं. आईला गुलाबजाम करायचे होते. मी तो मावशीच्या कढईतला पाठवला.

पैसे परत आले त्या दुपारी जेवायच्या सुट्टीत पॅकिंगमधली एक पोरगी म्हणाली की हे पैसे गेले असंच धरलं होतं, तर आता ते घरखर्चात घालवायचे न्हायत. कुणीतरी येडशीच्या रामलिंगाच्या देवळाचं नाव काढलं. भट्टीवरच्या बायकांपैकी कितीतरी जणी तिथं कधी गेल्या नव्हत्या. दूध रोज येतं, भट्टी रोज पेटते, सगळ्यांनी मिळून कुठं जायचा प्रश्नच कधी आला नव्हता. प्रत्येकीनं तीनशे काढायचे ठरलं. पुरुषांनाही घेतलं, ड्रायव्हरकडून पाचशे घेतले, कारण त्याचे सगळ्यात जास्त परत आले होते. मालकांकडं सुट्टी मागायला मला पुढं केलं. मालकांनी विचारलं की दोन्ही वेळचं दूध कोण बघणार.  मग तेच म्हणाले, जावा तुमी, म्या बघतो.

दोन क्रूझर गाड्या ठरवल्या. सकाळी आठला निघालो. मावशीनं नवी कोरी जांभळी साडी नेसली होती. भट्टीपुढं ती कायम धुराच्या रंगाच्या लुगड्यात दिसते, त्यामुळं आधी मी तिला ओळखलंच नाही. तेरखेड्यात, फटाक्यांच्या गावात, गाड्या थांबवून पोरींनी उरलेले फटाके स्वस्तात घेतले. दिवाळीत त्यांना फटाके उडवायला वेळ कुठला. रामलिंगाला पायऱ्या उतरून खाली गेलो. दोन्ही बाजूंनी झाडी, खाली देऊळ, आणि ओढ्याला अजून घोट्याएवढं पाणी होतं. दर्शन झाल्यावर सगळ्या जणी पाण्यात पाय सोडून बसल्या. एका माकडानं ड्रायव्हरच्या हातातली चिवड्याची पिशवी नेली. तो त्याच्या मागं चार झाडं पळाला आणि शेवटी नाद सोडून हसत परत आला. मी भाकरी, ठेचा, मावशीच्या करंज्या असं सगळ्यांच्या डब्यातलं थोडं थोडं खाल्लं. जेवण झाल्यावर दोघींनी मला विचारलं की म्याडम, ते गुणायचं कसं ते आमाला शिकवा. मी वाळूवर काडीनं मांडून दाखवलं. एकीनं आपला स्वतःचा वर्षाचा पगार काढला, बरोबर आला, आणि तिनं तो पायानं पुसला, दुसरीला दिसू नये म्हणून.

परत यायला सहा वाजले. लांबूनच आमच्या शेडवरून धूर निघताना दिसला. आम्ही आत गेलो तर एकाच भट्टीवर मोठी कढई चढवलेली आणि मालक तिच्यापुढं उभे. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, हातात खवा हलवायचा लांब दांड्याचा सराटा. घामानं नुसते निथळत होते. शेजारी त्यांची बायको कढईच्या कडा खरवडत होती. उरलेलं दूध त्यांनी डेअरीला पाठवलं होतं, पण एक भट्टी तरी आपल्या हातानं चालू ठेवायची म्हणून सकाळपासून तिसरा घाणा चालला होता. त्यांच्या बायकोनं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मालकांनी धंदा सुरू केला तो ह्याच कामावर, रस्त्याच्या कडेला एका कढईनं. गेली पंधरा वर्षं त्यांनी सराट्याला हात लावला नव्हता.

मावशी पुढं झाली. तिनं कढईतून चिमूटभर खवा उचलला, फुंकला, तोंडात टाकला. सगळे बघत होते.

"बुडाला लागलाय जरा," ती म्हणाली. "पण चालंल."

मालकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि सराटा तिच्यापुढं धरला. मावशीनं हात मागं घेतले.

"आज सुट्टी हाय आमाला," ती म्हणाली. "हालवा तुमी."

आणि ती ओट्यावर जाऊन बसली, जांभळी साडी नीट सावरून. तिच्या बाजूला एकेक करून आम्ही सगळे बसलो. मालक हसत हसत परत कढईकडं वळले आणि खवा हलवू लागले. बाहेर पोरींनी तेरखेड्याचे फटाके लावायला सुरुवात केली होती.